तुळशीच्या लग्नाआधीचा चुडा

अहमदपूरच्या बसस्थानकासमोरच्या गल्लीत संगप्पाचं बांगड्यांचं दुकान आहे. दुकान संगप्पाचं, पण नाव त्याच्या बायकोचं. ‘संगप्पाच्या दुकानातून आणल्या’ असं सांगणारी बाई तालुक्यात शोधून सापडायची नाही. ‘अव्वाच्या हातच्या भरल्या’ असंच सगळ्या सांगतात. अव्वा म्हणजे गौरम्मा. माहेर देगलूरच्या पलीकडचं, अगदी सीमेवरचं. घरात कानडी, शेजारी तेलुगू आणि शाळेत मराठी अशा तीन भाषांत ती वाढली. लग्न होऊन इकडं आल्यावर तिन्ही मिळून तिचं एक बोलणं तयार झालं आणि ते अजून थांबलेलं नाही. संगप्पा जात्याच अबोल. नवऱ्याच्या वाट्याचं बोलणं वाया जाऊ नये म्हणून तेही तीच बोलून टाकते, असं गल्लीतले लोक म्हणतात.

बांगड्या विकणं वेगळं आणि भरणं वेगळं. विकायला दुकान पुरतं, भरायला हात लागतो. गौरम्मा समोरच्या बाईचा हात मांडीवर घेते, तळवा दाबून दाबून कणकेसारखा मऊ करते, अंगठा आत मुडपते आणि नेमकं तेव्हाच विचारते, ‘‘सासू बरी हाय का गं?’’ बाई सासूचं सांगायला लागते, तोवर बांगडी हाडावरून पलीकडं गेलेली असते. नवरीच्या हातावर बांगडी फुटणं हा केवढा अपशकुन! ‘फुटली’ हा शब्दसुद्धा आपल्याकडं काढत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. गौरम्माच्या हातून नवरीच्या हातावर एकही बांगडी कधी वाढली नव्हती. म्हणून तर लग्नघरांतून तिला लांबलांबून बोलावणं यायचं. ज्यांच्या दारासमोर बांगड्यांचं दुकान आहे त्या बायकाही चुड्यासाठी हिचीच वाट पाहायच्या. हाताचं हे नाव हीच तिची शेती आणि हीच तिची नोकरी.

संक्रांतीला मात्र ती टोपली घेऊन अशा ठिकाणी जायची, जिथं दुसरी बांगडीवाली फिरकत नसे. रेणापूरच्या बाजूला कारखान्याचं गाळप सुरू झालं की ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. माळावर ताडपत्री आणि पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. त्या बायकांच्या हातात काच चार दिवस टिकत नाही. त्यांनाही ते ठाऊक असतं, पण सणाला हात मोकळे कसे ठेवायचे? गौरम्माला हे पटायचं. बाकी काही मिळो न मिळो, सणाला बाईच्या हातात बांगडी पाहिजे, असं तिचं साधं तत्त्वज्ञान.

गेल्या संक्रांतीला तिथं एका कोपीसमोर तिला एक पोर दिसली. मनगटाला चिंधी बांधलेली, हातभर पाचटाचे ओरखडे आणि लग्नातल्या हिरव्या चुड्यातल्या दोनच बांगड्या शिल्लक. पोट दिसत होतं, आणि डोक्यावर उसाची मोळी होती.

‘‘कितवीत होतीस गं?’’ गौरम्मानं विचारलं.

‘‘आठवीत,’’ पोर म्हणाली आणि मोळी घेऊन ट्रककडं गेली.

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता टोळी जमवणाऱ्या मुकादमाला नको असतो. म्हणून हंगामाच्या तोंडावर बिनलग्नाच्या गड्याला घाईनं बायको शोधतात. इकडं पोरीच्या आईबापांना वेगळीच फिकीर असते. सहा महिने हिला ठेवायचं कुठं? गावात एकटी ठेवली तर कुणाची नजर वाईट, उसाच्या फडावर नेली तर तिथंही तीच भीती. मग दोनाचे चार हात करून मोकळे होतात. पोरीला आगीतून काढून फुफाट्यात टाकतात आणि वर म्हणतात, लेक उजवली!

त्या दिवशी गौरम्मानं बांगड्या भरता भरता सगळ्या घोळक्याला झोडपून काढलं. ‘‘अय्यो, ज्या हातात बांगड्या भरता त्याच हातात कोयता देता? एक काय तर ठरवा की माय! आन सांगून ठेवते, लहान हातात चुडा भरायला मला कुणी बोलावलं, तर माझ्याएवढी वाईट बाई न्हाई.’’

काही बायका हसल्या, काहींनी माना खाली घातल्या. मागून कुणीतरी हळूच विचारलं, ‘‘मग लेकीला ठेवावं कुठं, अव्वा?’’

गौरम्मा कुणाच्या तरी हाताशी झटत होती. मान वर न करताच म्हणाली, ‘‘माझ्या घरी ठेवा! हाय की मी!’’

सगळ्या खो खो हसल्या. रागाच्या भरात माणूस बोलून जातो, तशी ती बोलून गेली आणि विसरूनही गेली.

मग दसरा झाला. दिवाळी आठवड्यावर आली होती, तेव्हा एका संध्याकाळी दुकानातला फोन वाजला. बाईचा आवाज होता, दबका.

‘‘अव्वा बोलताव का? उद्या सकाळी खडकाळवाडीला या. श्रीमंतरावाचं घर इचारा. हिरव्या लागतेत.’’

‘‘कुणाचं लगीन हाय, माय?’’

पलीकडं कुणीतरी खाकरलं. मग उत्तर आलं, ‘‘लगीन न्हाई. घरच्या बायकायला भरायच्यात. आन लहान मापाच्या बी आणा.’’ आणि फोन बंद झाला.

गौरम्मानं फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. तुळशीचं लग्न लागल्याशिवाय आपल्याकडं माणसांची लग्नं लागत नाहीत हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तुळस अजून बिनलग्नाची आणि ह्यांना हिरवा चुडा पाहिजे! पण टोळ्या तर दिवाळीच्या पाडव्याला निघतात, तुळशीसाठी थांबतो कोण? ‘‘बघितलंव का?’’ ती संगप्पाला म्हणाली. ‘‘मांडव न्हाई, पत्रिका न्हाई, वाजंत्री न्हाई. सगळं झाकून ठेवलं, आन बांगडीवालीला मातुर फोन केला! चुड्याबिगर लगीन लावायची हिंमत हुईना. असली येडी माणसं!’’

संगप्पानं वर पाहिलं. उठून फळीवरचा लहान मापाचा डबा काढून त्यानं टोपलीत ठेवला. त्याचं बोलणं हे असं असतं.

सकाळच्या बसमध्ये बसल्या बसल्या गौरम्मानं लातूरला मृण्मयीला फोन लावला. मृण्मयी मुलांच्या हेल्पलाइनवर काम करते, १०९८ वर. नोकरदार घरातली, जीन्स घालणारी, बोलायला मऊ आणि कामाला चिवट अशी पोरगी. दोघींची ओळख दोन वर्षांपूर्वीची. तेव्हाही एका गावातलं असंच लग्न गौरम्मानं कळवलं होतं. गाडी आली, लग्न थांबलं, बापानं लिहून दिलं. आणि आठ दिवसांत त्या पोरीला सीमेपलीकडं नेऊन उजवून टाकलं. मृण्मयी फोनवर रडली होती. त्यात गाडीवाल्यांचा दोष नव्हता. गाडी मांडव थांबवते, पोरीला सहा महिन्यांचं घर कुठून देणार? हे गौरम्माच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

‘‘अव्वा, मी लगेच निघते. ग्रामसेवकांनाही फोन करते,’’ मृण्मयी म्हणाली. ‘‘पण लातूरहून यायला वेळ लागेल. तोवर त्यांना तिथंच थांबवून धरा. पोरगी गावाबाहेर गेली तर अवघड होईल.’’

‘‘तू ये,’’ गौरम्मा म्हणाली. ‘‘बोलत बसायला मला कुणी शिकवायचं का?’’

खडकाळवाडीत घरासमोर खरंच मांडव नव्हता. एक जीप मात्र उभी होती. लिंबाखाली श्रीमंत, म्हणजे पोरीचा बाप, आणि नवरा मुलगा दयानंद बसले होते. दयानंद बिलोली तालुक्यातला, विशीतला, नवा शर्ट घातलेला. गेल्या हंगामात अर्धा कोयता म्हणून त्याला टोळीत कुणी घेतलं नव्हतं. आत परातीत हळद कालवलेली होती. नवऱ्याची आई गोदावरी चटईवर ऐसपैस बसली होती. पोरीची आई धोंडाबाई चुलीशी उभी होती, पदर तोंडाला लावून. हिला कुठंतरी पाहिलंय, असं गौरम्माला वाटलं, पण कुठं ते आठवेना. तालुक्यातल्या निम्म्या बायकांचे हात तिनं हातात घेतले होते, चेहरे किती लक्षात राहणार?

‘‘लवकर उरका, बाई,’’ गोदावरी म्हणाली. ‘‘चुडा भरला की निघायचं. आमच्या गावात सांजंला अक्षदा हायेत.’’

म्हणजे ही जीप हलली की संपलं. मृण्मयीच्या गाडीला अजून अवकाश होता.

‘‘नवरी कुठं हाय?’’ गौरम्मानं विचारलं, आणि आतून आरती आली. अंगात शाळेचा निळा ड्रेस, दोन वेण्या, चेहऱ्यावर काहीच नाही. ती येऊन समोर बसली आणि तिनं हात पुढं केला. गौरम्मानं तो मांडीवर घेतला. तळव्यावर पेनानं काढलेलं एक फूल होतं, अर्धवट पुसलेलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे हात हातात घेतलेल्या त्या बाईनं ते फूल अंगठ्यानं हळूच झाकलं.

मग तिनं वेळ काढायला सुरुवात केली. चहा मागितला. साखर कमी म्हणून परत मागितला. डबा चुकीचा उघडला, मग बरोबर उघडला, मग तो रंग जुना आहे म्हणून तिसरा उघडला. गोदावरीच्या माहेरची चौकशी केली, तिथल्या एका भांडखोर बाईची गोष्ट सांगितली, ती गोष्ट संपवून दुसरी सुरू केली. गोदावरी आधी हसली, मग चुळबुळली, शेवटी खेकसली.

‘‘आवो, बांगड्या भरायला आल्याव का कीर्तन करायला? जीपवाला हॉर्न मारून राहिलाय!’’

आता बोलणं संपलं होतं. गौरम्मानं आरतीचा तळवा दाबला. असा हात तिनं डोळे मिटून भरला असता. हिरवी बांगडी घेऊन तिनं त्या चार बोटांशी नेली आणि आपल्या मुठीत दाबली.

खळकन आवाज झाला.

बायका दचकल्या. ‘‘काच कच्ची आली आसंल,’’ कुणीतरी सावरून घेतलं. गौरम्मानं दुसरी घेतली. ती वाढली. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी धोंडाबाई जागची हलली नाही. तिसरी बांगडी गौरम्मानं सगळ्यांना दिसेल अशी वर धरली, देवाचं नाव घेतलं, आणि तीही वाढली. चटईवर हिरव्या काचा पडल्या आणि त्यांच्यावर रक्ताचे थेंब.

तिच्या आयुष्यात हे पहिल्यांदा घडत होतं, आणि ते ती स्वतःच्या हातानं घडवत होती. नाव कमवायला जन्म गेला होता, घालवायला तीन बांगड्या पुरल्या.

गोदावरी ताडकन उठली. ‘‘न्हाई माय, न्हाई! चुड्याला तीन बांगड्या वाढल्या! माझा एकुलता एक हाय. त्याच्या जिवावर बेतंल आसली पोर माझ्या दारात नको.’’

श्रीमंत धावत आत आला, हातापाया पडला, दुसऱ्या बांगड्या आणतो म्हणाला. गोदावरीनं ऐकलं नाही. दयानंदाला घेऊन ती जीपमध्ये बसली आणि धुरळा उडवत जीप गेली. पोरगा नाराज दिसत होता, पण आईपुढं काय बोलणार? त्याचं तरी ह्यात काय चुकलं होतं! त्याला बायको नव्हती पाहिजे, काम पाहिजे होतं.

‘‘तुझ्या हाताला कीड लागली का?’’ श्रीमंत गौरम्मावर ओरडला. ‘‘माझ्या पोरीचं वाटोळं केलंस!’’

‘‘म्हातारपण आलं, बाबा,’’ गौरम्मा मान खाली घालून म्हणाली. ‘‘हात थरथरून राहिला.’’ आणि मग ती गप्प बसली. गौरम्माला गप्प बसलेली पाहणारे खडकाळवाडीचे लोक पहिलेच.

ती पदराच्या टोकानं अंगठा बांधत असतानाच मृण्मयीची गाडी आली, बरोबर ग्रामसेवक आणि एक महिला पोलीस. थांबवायला आता लग्नच उरलं नव्हतं, तरी मृण्मयी बसली. आधी आरतीला परसात नेऊन तिच्याशी एकटीशी बोलली. मग श्रीमंताला कायदा सांगितला, आवाज न चढवता. अठराच्या आत पोरीचं लग्न लावणार नाही असं त्यानं लिहून दिलं. कुणी कळवलं हे त्यांनी सांगितलं नाही, ते सांगायचं नसतंच. गावानं आपापसांत शाळेतल्या गुरुजींचं नाव घेतलं. बिचाऱ्या गुरुजींना न केलेलं पुण्य लागलं आणि चार शिव्याही.

‘‘सही केली, मॅडम,’’ श्रीमंत म्हणाला. त्याचा राग उतरला होता आणि आता तो नुसताच दमलेला बाप दिसत होता. ‘‘पन पाडव्याला आमची टोळी बेळगावाकडं निघती. गेल्या साली हिची आजी होती, तिच्यापाशी ठेवली. म्हातारी गेली. शेजारचा एक जण पोरीकडं कसा बगतो ते आमाला ठाव हाय. आता हिला घेऊन जाऊ का टाकून जाऊ? तुमीच सांगा.’’

गावातलं हंगामी वसतिगृह अजून सुरू झालं नव्हतं. लातूरच्या मुलींच्या वसतिगृहाबद्दल मृण्मयी सांगू लागली, पण लातूर म्हटल्यावर श्रीमंताचं तोंड आणखीच उतरलं. अनोळखी शहर, अनोळखी माणसं.

तेव्हा दिवसभर एक शब्द न बोललेली धोंडाबाई पुढं आली. तिनं मॅडमकडं पाहिलं नाही, ग्रामसेवकाकडं पाहिलं नाही. ती थेट बांगडीवालीसमोर येऊन उभी राहिली.

‘‘लेकीला ठेवावं कुठं, अव्वा?’’

गौरम्मानं वर पाहिलं. मृण्मयीचं फोनवरचं रडणं तिला आठवलं.

‘‘माझ्या घरी,’’ ती म्हणाली. ‘‘पोरगं माझं हैदराबादला हाय, खोली रिकामीच. शाळा घरापासून हाकेवर. म्या सांभाळते.’’

श्रीमंत काही म्हणायच्या आत धोंडाबाई आत गेली आणि आरतीचं गाठोडं घेऊन आली. ते आधीच बांधलेलं होतं, सासरी न्यायला म्हणून.

मृण्मयीनं सगळं रीतसर केलं. बालकल्याण समितीपुढं आरतीला नेलं, आईबापांचं म्हणणं घेतलं, घर पाहिलं, गल्लीत चौकशी केली. पाडव्याला टोळी गेली आणि आरती अहमदपूरला राहायला आली. पहिल्या दिवशी गौरम्मानं गाठोडं सोडलं तर वर दोन ड्रेस आणि खाली आठवीची सगळी पुस्तकं, पोलक्याच्या कापडात नीट गुंडाळलेली. साडी एकही नाही. ‘‘सासरी निघाली होतीस का परीक्षेला?’’ तिनं विचारलं. ‘‘आईनं बांधलंय,’’ आरती म्हणाली. गौरम्माला हसू आलं. आईचा जीव, घाईत काय हाताला लागलं ते बांधलं असेल.

मृण्मयी दर महिन्याला यायची. आली की आरतीला घेऊन खोलीत बसायची, दार लावायची आणि गौरम्माला बाहेर काढायची. ‘‘माझ्याच घरातून मला भाईर काढती!’’ गौरम्मा गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची. पण आत संगप्पानं चुकून पाऊल टाकलं तर त्याच्यावरच डाफरायची, ‘‘थांबा की! पोरीला इचारायलीय, कुणी तरास देतंय का म्हणून. आपल्याबद्दल बी इचारलंच पायजे. आपण काय देव लागून गेलो?’’ हे म्हणायला मोठं मन लागतं. आपल्या चांगुलपणावर कुणी नुसती शंका घेतली तरी भल्याभल्यांना राग येतो. गौरम्मा दाराबाहेर पायरीवर बसून राहायची, आणि मृण्मयी बाहेर आली की तिला जेवूनच जायला लावायची.

तुळशीचं लग्न लागलं, सराई सुरू झाली. पण गौरम्माला बोलावणं येईना. खडकाळवाडीची गोष्ट तिच्या आधी बाजारात पोचली होती. नवरीच्या हातावर एक नव्हे, तीन! अव्वाच्या हाताचा गुण गेला. नेहमीच्या एका मोठ्या घरी नातीचं लग्न होतं, त्या नातीच्या आईलाही गौरम्मानंच चुडा भरला होता. त्यांनी उदगीरहून दुसरी बाई आणली. जातायेता त्या घरच्या बायका दुकानाकडं न बघता जायच्या. गौरम्मा दिवसभर दुकानात बसून डबे पुसायची. ह्या पोरीपायी आपलं काय गेलं, ते तिनं पोरीला एकदाही जाणवू दिलं नाही.

पण आरतीला बाजारात सगळं ऐकू यायचं. एक दिवस ती शाळेतून रडतच आली. ‘‘अव्वा, मी सांगते सगळ्यांना. बांगडी माझ्या बोटांत गेलीच नव्हती. तुम्ही मुठीत दाबली.’’

‘‘तोंड उघडलंस तर बघ!’’ गौरम्मा म्हणाली. ‘‘म्या मुद्दाम केलं म्हणून कळलं, तर उद्या कुणी लपून लगीन लावलं तर मला बोलावतील का? बोलावलंच न्हाई तर मला कळंल कसं?’’

आरतीनं डोळे पुसले. ‘‘पण आता तर तुम्हाला कुणीच बोलावत नाही.’’

गौरम्मानं पुसलेलाच डबा पुन्हा पुसायला घेतला. तिची खरी बेजारी हीच होती. धंद्याचं काय, दोन वेळचं दुकानावर भागत होतं. पण घराघरांतली दारं तिच्यासाठी बंद झाली होती, आणि त्या दारांआड पुढच्या दिवाळीआधी कुणाची आठवीतली पोर चटईवर हात पुढं करून बसणार होती. तिथं दुसरीच कुणी बांगडीवाली असणार. ती बांगड्या व्यवस्थित भरणार, एकही वाढणार नाही.

उन्हाळा लागला, कारखाने बंद पडले. अक्षय तृतीयेच्या आधीचा बाजार होता, लग्नांची झुंबड, आणि गल्लीतल्या बाकी दुकानांत पाय ठेवायला जागा नव्हती. गौरम्माच्या दुकानात तेवढी आरती अभ्यासाचं पुस्तक वाचत बसली होती. तेव्हा धोंडाबाई आली. उन्हानं काळीठिक्कर पडलेली, खंगलेली. तिच्यामागं टोळीतल्या सात-आठ बायका. तिनं आधी आरतीला जवळ घेतलं, तिचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले आणि डोळ्यांना लावले. मग पदर खोचून गौरम्मासमोर बसली आणि तिनं स्वतःचा हात पुढं केला.

‘‘भर, अव्वा. हिरव्या भर.’’

‘‘माझ्या हातून?’’ गौरम्मा म्हणाली. ‘‘लोकं काय म्हणतेत, ऐकलं न्हाईस का?’’

‘‘ऐकलं,’’ धोंडाबाई म्हणाली, आणि मग समोरच्या दुकानापर्यंत जाईल अशा आवाजात बोलली. ‘‘ज्या घरात वाढल्या त्या घरची म्या हाय. माझी पोर पास होऊन पुढ्यात बसलीय, माझा धनी धडधाकट परत आलाय. ह्याला अपशकुन म्हणतेत व्हय? मग आसले अपशकुन रोज होऊ दे माझ्या घरात!’’

समोरच्या दुकानातल्या बायकांच्या माना वळल्या. गौरम्मानं तिचा हात मांडीवर घेतला. कोयत्यानं घट्टे पडलेला कठीण हात, पण बांगड्या एकेक करून सरत गेल्या. धोंडाबाई खाली वाकली आणि आता अगदी हळू बोलली.

‘‘अव्वा, पोरीच्या हातावर बांगडी वाढली आसती, तर रगत पोरीला आलं आसतं. तुझ्या अंगठ्याला कामून आलं?’’

गौरम्माचा हात थांबला. ‘‘तुला तव्हाच कळलं होतं?’’

‘‘आमच्या वाडीत बांगड्यायचं दुकान न्हाई का? तुला अहमदपुराहून कामून बोलावलं, कधी इचार केला न्हाईस?’’

गौरम्मा तिच्या तोंडाकडं पाहत राहिली. आणि मग एकदम तिला तो चेहरा आठवला, कोप्यांसमोरच्या घोळक्यात, सगळ्यांच्या मागं.

‘‘रेणापूरच्या फडावर म्या इचारलं होतं, लेकीला ठेवावं कुठं म्हणून,’’ धोंडाबाई म्हणाली. ‘‘तू म्हणलीस, माझ्या घरी ठेवा. सगळ्या हसल्या. म्या न्हाई हसले. फोन केला तव्हा पोरीचा बाप बाजूलाच बसला होता. ‘लहान मापाच्या आणा’, ह्याच्याहून जास्ती काय बोलू? मला घरात न्हाई म्हणायची सोय न्हवती, अव्वा. म्हणून तुला बोलावलं. पुस्तकं बांधून ठेवली आन वाट बगत बसले, तू काय करतीस ते.’’

गौरम्माला तिचेच शब्द आठवले. असली येडी माणसं! सगळं झाकून ठेवलं आणि बांगडीवालीला तेवढा फोन केला! आपण मोठ्या हुशारीनं एक लग्न मोडलं असं तिला इतके दिवस वाटत होतं, आणि एका बाईनं चुलीपाशी उभी राहून, तोंडाला पदर लावून, ते तिच्याकडून मोडून घेतलं होतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही. भर बाजारात, दुकानात बसून गौरम्मा रडली, आणि शेवटची, मोजणीवरची एक बांगडी तिनं धोंडाबाईच्या हातात आपल्याकडून भरली.

धोंडाबाई उठली. तिच्या जागी मागची बाई बसली. तिच्या पाठीशी बारा-तेरा वर्षांची एक पोर उभी होती, आईचा पदर धरून. बाईनं हात पुढं केला आणि इकडंतिकडं बघत म्हणाली, ‘‘अव्वा, दिवाळीच्या आधी म्या बी फोन करीन. लहान मापाच्या घेऊन ये.’’

तिच्या मागं आणखी बायका उभ्या होत्या. त्या आपापली पाळी यायची वाट पाहत होत्या.

गौरम्मानं डोळे पुसले आणि बाईचा हात मांडीवर घेतला. तळवा दाबला, अंगठा आत मुडपला. सासूचं विचारायचं ती आज विसरली.

‘‘पोरीचं नाव काय गं?’’ तिनं विचारलं.

‘‘पूनम,’’ बाई म्हणाली, आणि बांगडी अलगद हाडावरून पलीकडं गेली.